सावली आली, वस्ती बदलली

काँगो प्रजासत्ताकात अटलांटिकच्या किनाऱ्यावर प्वांत-न्वार नावाचं बंदर आहे. त्याच्या मागच्या रेताड, गवताळ पठारावर १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून निलगिरीची मोठी लागवड झाली, मुख्यतः कागदाच्या लगद्यासाठी. पुढे १९९०च्या दशकात फ्रेंच आणि काँगोली शास्त्रज्ञांनी तिथली माती खणून तिच्यातली वाळवी, गांडुळं, गोमी आणि अळ्या मोजल्या. मोकळ्या गवताळ रानात जीव थोडे निघाले, कोवळ्या निलगिरीखालीही थोडेच. पण निलगिरीचं वय वाढलं तशी त्यांची संख्याही वाढत गेली. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीखाली तर ती आणखी जास्त भरली. ही बाभूळ म्हणजे कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला जागोजागी दिसते तीच.

समुद्रापलीकडे, ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात सांता बार्बरा हे राखीव क्षेत्र आहे. ब्राझीलच्या सॅव्हानाला सेराडो म्हणतात, त्याचा हा एक तुकडा. तिथे वर्षानुवर्षं आग लागू दिली नाही, त्यामुळे गवतात झाडी माजली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की झाडी वाढल्याने कार्बनचा साठा हेक्टरी वर्षाला सुमारे १.२ टनांनी वाढला होता. पण जिथे रान पार दाटलं, तिथे मुंग्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यातही केवळ उघड्या सॅव्हानातच राहणाऱ्या मुंग्या वेगळ्या काढल्या, तर त्यांच्या जातींतली घट ८६ टक्के होती. इथे झाडं कोणी लावली नव्हती, ती आपोआप वाढली होती. सावली मात्र तीच.

झाडं लावली की माती जिवंत होते, असं म्हणणारे पहिला निकाल पुढे करतात. लागवडीने माती मरते म्हणणारे दुसरा. माझ्या मते दोघांचीही पंचाईत एकाच ठिकाणी होते: ते डोकी मोजतात, ओळखपत्रं तपासत नाहीत. सॅव्हानात लावलेल्या झाडांखालची माती सहसा ओस पडत नाही. तिच्यातले जुने रहिवासी निघून जातात आणि दुसरेच येऊन बसतात. हे आलेले कोण आणि गेलेले कोण, हा या विषयातला खरा प्रश्न. तो संख्येने सुटत नाही.

आधी ही मोजणी होते कशी ते पाहायला हवं, कारण निम्मे वाद तिथेच जन्मतात. मातीतले डोळ्यांना दिसणारे जीव मोजण्याची उष्ण कटिबंधात रुळलेली पद्धत म्हणजे २५ सेंटीमीटर लांब-रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असा मातीचा चौकोनी ठोकळा कापून काढायचा. पावसाळ्याच्या अखेरीस, माती ओली असताना. तो दहा-दहा सेंटीमीटरच्या थरांत तोडायचा, प्रत्येक थर पांढऱ्या ट्रेमध्ये हाताने चुरायचा आणि हलेल ते चिमट्याने उचलून स्पिरिटमध्ये टाकायचं. काम किचकट असतं आणि पाठ मोडते. शिवाय या पद्धतीत नशिबाचा भाग मोठा. ठोकळ्यात वाळवीची एखादी गल्ली सापडली, तर एका फटक्यात शेकडो जीव मिळतात. वीतभर बाजूला कापला असता तर कदाचित एकही मिळाला नसता.

दुसरी पद्धत प्लास्टिकच्या पेल्याची. पेला काठापर्यंत जमिनीत पुरायचा, तळाशी थोडं द्रावण ठेवायचं आणि काही दिवसांनी त्यात कोण पडलंय ते पाहायचं. यात पळणारे सापडतात, बसून राहणारे नाहीत. गवत दाट असलं की पळणाऱ्यांचीही वाट अडते, म्हणून उघड्या जमिनीवर पेले जास्त भरतात. तिसरी पद्धत पालापाचोळा चाळण्याची. वर्षानुवर्षं चरलेल्या किंवा जळून गेलेल्या सॅव्हानात पाचोळाच नसतो, निलगिरीखाली त्याचा थर साचतो. मग चाळणीत जास्त जीव कुठे मिळणार, हे चाळण्याआधीच ठरलेलं असतं. एखाद्या अहवालात ‘लागवडीखाली विविधता वाढली’ असं वाचलं, तर आधी विचारावं, कशाने मोजलंत?

आता मूळ वस्तीकडे वळू. सॅव्हाना म्हणजे तुटून उरलेलं जंगल, हा समज फार जुना आणि फार चिवट आहे. प्रत्यक्षात उष्ण कटिबंधातली गवतं साधारण ८० लाख वर्षांपूर्वीपासून मोठ्या प्रमाणावर पसरली. आग, चरणारी जनावरं आणि लांबलेला कोरडा काळ यांच्यासोबत ती घडली. या रानाचा बराचसा कारभार जमिनीखाली चालतो. गवत आपल्या कमाईचा मोठा वाटा मुळांत घालतं आणि ती मुळं सतत मरत, नवी येत राहतात. वर जे उगवतं, ते जनावर खातं किंवा वणवा. त्यामुळे मातीतल्या जिवांना अन्न मिळतं ते मुळांच्या, शेणाच्या आणि वाळल्या गवताच्या रूपात. पाचोळ्याच्या रूपात फार थोडं.

या अन्नावर जगणारी मंडळीही तशीच असतात. दक्षिण आफ्रिकेत होडोटर्मिस ही वाळवी दिवसाढवळ्या बाहेर पडून गवत कापते आणि बिळात ओढून नेते. तिच्या कामकरी वाळव्यांना डोळे असतात, अंगाला रंग असतो. अंधारात राहणाऱ्या पांढुरक्या वाळवीच्या कुळात हे नवलच. कोत द’इव्वारमधल्या लाम्तो इथल्या सॅव्हानात १९६२पासून संशोधन केंद्र आहे. तिथे पात्रिक लाव्हेल यांनी मिल्सोनिया अनोमाला या गांडुळाचा पिच्छा पुरवला. हे गांडूळ पाचोळा खात नाही. ते मातीच खातं, तिच्यातला विरळ सेंद्रिय अंश पचवतं आणि उरलेली माती गोळ्या करून टाकतं. लाम्तोच्या काही भागांत सगळी गांडुळं मिळून एका हेक्टरमध्ये वर्षाला हजार टनांच्या आसपास माती पोटातून फिरवतात, असा त्यांचा हिशेब होता. जमिनीचा वरचा थर काही वर्षांत एकदा कुणाच्या तरी आतड्यातून जाऊन येतो, असा त्याचा अर्थ.

ब्राझीलमध्ये कोर्निटर्मिस वाळवीची टणक वारुळं सेराडोभर उभी असतात आणि त्यांत वाळवीखेरीज कितीतरी भाडेकरू राहतात. गोइयास राज्यातल्या एमास राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्याच्या सुरुवातीच्या रात्री ही वारुळं हिरवट उजेडाने लुकलुकतात. वारुळाच्या बाहेरच्या भिंतीत राहणाऱ्या एका भुंग्याच्या अळ्या तो उजेड पाडतात आणि त्याला भुलून आलेल्या पंखवाल्या वाळवीला पकडून खातात. लागवडीसाठी जमीन तयार करताना ट्रॅक्टर सर्वांत आधी सपाट करतो ती ही वारुळं.

सॅव्हानात झाडांची ओळीने लागवड झाली की पहिला बदल होतो तो उन्हाचा. उघड्या मातीचा पृष्ठभाग दुपारी ५० अंशांपलीकडे तापू शकतो. अशा तव्यावर पळून पोट भरणाऱ्या मुंग्या आहेत. बाकीचे सगळे बिळात असतात तेव्हा त्या बाहेर पडतात, म्हणूनच त्यांचं चालतं. ऑस्ट्रेलियात ॲलन अँडरसन यांनी मुंग्यांची त्यांच्या स्वभावानुसार गटवारी केली. उष्ण आणि उघड्या जागीच फोफावणाऱ्या वेगळ्या, पाचोळ्यात दडून राहणाऱ्या वेगळ्या, कुठेही निभावून नेणाऱ्या वेगळ्या. सावली पडली की पहिला गट ढासळतो आणि उरलेले दोन वर येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्यात सॅव्हानाची झुडपी गर्दी होत गेली, तिथेही मुंग्यांचा समाज असाच पालटलेला आढळला. एकूण जातींचा आकडा फारसा हलला नाही तरी नावं बदललेली असतात.

दुसरा बदल अन्नाच्या दिशेचा. आधी ते खालून, मुळांतून मिळत होतं, आता वरून पडतं. माती खाणाऱ्यांचे दिवस फिरतात, पाचोळा खाणाऱ्यांचे येतात. निलगिरीचा पाचोळा चामट, टॅनिनने भरलेला आणि नत्राने दरिद्री. ऑस्ट्रेलियात तो खाणारे जीव त्याच्याबरोबरच घडले, काँगोत आणि ब्राझीलमध्ये ते नाहीत. म्हणून तो साचतो. बाभूळकुळातली झाडं हवेतला नत्र धरतात, त्यांचा पाचोळा तुलनेने पौष्टिक. प्वांत-न्वारच्या रेताड, मुळातच उपाशी मातीत ऑस्ट्रेलियन बाभळीखाली जीव का वाढले, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

कोण काय खातो हे तपासायची एक देखणी युक्ती आहे. उष्ण कटिबंधातली गवतं आणि झाडं हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने बांधतात, त्यामुळे त्यांतल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण वेगळं असतं. गवताळ रानावर झाडं लावली, की मातीतला जुना कार्बन गवताच्या खुणेचा आणि वरून येणारा नवा झाडाच्या खुणेचा. किड्याच्या शरीरात कोणती खूण सापडते यावरून तो अजून जुन्या शिध्यावर जगतोय की नव्या पानावर बसलाय ते कळतं. लागवड होऊन वर्षं लोटली तरी गवताचा कार्बन मातीत बराच काळ शिल्लक असतो. त्यावर काही जुने रहिवासी थोडे दिवस तग धरतात. म्हणून लागवडीनंतर लवकर केलेली मोजणी फसवी ठरू शकते. जे दिसतात, ते राहायला आहेत की आवराआवर करताहेत, हे तिच्यातून कळत नाही.

पाण्याबद्दल वाद फारसा उरलेला नाही. गवताळ प्रदेशांत झाडं लावल्यावर ओढ्यांचं पाणी सरासरी ५२ टक्क्यांनी घटलं आणि १३ टक्के ओढे निदान एक वर्ष तरी पूर्ण आटले, असं २००५ साली ‘सायन्स’मधल्या जगभरच्या आढाव्याने मांडलं. दक्षिण आफ्रिकेने तर १९९८च्या जल कायद्यात व्यापारी वनलागवडीला ‘प्रवाह घटवणारा’ उद्योग ठरवून तिच्यावर परवान्याचं बंधन घातलं. गांडुळाचं आयुष्य मातीच्या ओलीवर चालतं. ती कधी आटते यावर त्याचा हंगाम ठरतो.

रसायनांविषयी मात्र बोललं कमी जातं. निलगिरीच्या रोपाला वाळवी लागते, म्हणून खड्ड्यात कीटकनाशक घालण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. ब्राझीलमध्ये लागवडीचा पहिला शत्रू म्हणजे पानं कापणारी मुंगी. तिच्यासाठी सल्फ्लुरामिड घातलेल्या आमिषाच्या गोळ्या टाकतात. २००९ साली स्टॉकहोम कराराने संबंधित रसायनांवर बंधनं घातली, तेव्हा पानकाप्या मुंग्यांच्या आमिषाला सूट मिळाली. ती गोळी फक्त पानकापी मुंगीच उचलेल याची हमी कोण देणार? निलगिरीखाली मुंग्या कमी झाल्या, तर दोष सावलीचा, पाचोळ्याचा की गोळीचा, हे अनेक अभ्यासांत वेगळं काढता येत नाही. झाडाच्या माथी सगळं खापर फोडणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

शेणकिड्यांची गोष्ट सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत वाईट. दाट लागवडीत जनावर चरत नाही, म्हणून शेण नाही, म्हणून शेणकिडा नाही. पण शेण असतं तरी प्रश्न उरतोच. दक्षिण आफ्रिकेच्या मापुटालँड भागात उन्हातले आणि सावलीतले शेणकिडे जवळजवळ वेगळे समाज आहेत. एकाच रानातल्या झाडीत आणि उघड्या गवतात सारख्याच शेणावर वेगवेगळे किडे येतात. स्काराबियस सॅटायरस हा रात्री गोळा ढकलणारा किडा सरळ रेषेत पळण्यासाठी आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतो, हे मारी डाके आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिलं. निलगिरीच्या छताखाली त्याला ती दिसणार कुठून? हा माझा तर्क आहे, कुणाचा सिद्ध केलेला निष्कर्ष नाही. पण उघड्यावरच्या प्राण्याला उघडेपणा किती कामी येतो, याचा अंदाज त्यावरून येतो.

रिकाम्या जागा भरायला येणारे सहसा जगभर फिरलेले असतात. पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं गांडूळ रबराच्या, चहाच्या, लाकडाच्या बागांतून सगळ्या उष्ण कटिबंधात पसरलं. केरळच्या रबर मळ्यांत ते भरपूर आहे. नुसतं वजन केलं तर अशी माती ‘गांडुळांनी समृद्ध’ ठरते.

सगळ्या लागवडी सारख्या नसतात, हेही नोंदवायला हवं. तणनाशकाने साफ ठेवलेली, सात वर्षांत कापायची निलगिरी आणि खाली झुडपं-गवत वाढू दिलेली जुनी निलगिरी यांत मुंग्यांच्या दृष्टीने मोठा फरक असतो. ब्राझीलमधल्या मोजण्यांत खाली झाडोरा असलेल्या लागवडीत जाती जास्त मिळतात. ज्या जागी आधीच दाट झाडीचा सेराडो होता तिथे निलगिरीचा धक्का सौम्य, उघड्या गवताळ सेराडोत तो जबर. दक्षिण आफ्रिकेत लाकूड कंपन्यांच्या जमिनीचा सुमारे तृतीयांश भाग न लावता ठेवलेला असतो. क्वाझुलू-नतालमध्ये मायकेल सॅमवेज आणि जेम्स प्राइक यांनी या गवताळ पट्ट्यांत किडे मोजले. रुंद पट्ट्यांतले किडे शेजारच्या संरक्षित रानांतल्या किड्यांच्या जवळ जातात. पण झाडांच्या कडेचा परिणाम गवतात साधारण ३० मीटर आत पोहोचतो. म्हणजे ६० मीटरपेक्षा अरुंद पट्टा हा नुसता काठच, त्याला आत असं काही नाहीच.

महाराष्ट्रात हे सगळं कुठे लागू पडतं? सोलापूर, नगर, पुणे, सातारा, सांगलीच्या पर्जन्यछायेतली माळरानं म्हणजे सॅव्हानाच आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, मधूनच हिवर नाहीतर खैर. ही माळरानं जंगल तोडून झालेली नाहीत, असं म्हणायला आता बराच आधार आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले, ओव्या-कथांतले वनस्पतींचे उल्लेख गोळा केले आणि निदान साडेसातशे वर्षांपासून इथे असंच उघडं रान असल्याचं २०२५ साली मांडलं. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांच्या नकाशानुसार अशा उघड्या परिसंस्था देशाच्या जमिनीपैकी जवळपास दहावा हिस्सा व्यापतात आणि त्यांतला ५ टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. सरकारी नोंदीत यातला मोठा भाग ‘पडीक’ आहे. महाराष्ट्राची ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम २०१६ साली २ कोटींपासून सुरू होऊन २०१९ साली ३३ कोटींच्या लक्ष्यापर्यंत गेली. अशा मोहिमांना लागणारी मोकळी जागा माळावर सहज मिळते.

माळावर लागवड म्हणजे आधी समतल चर. मुरमाड जमीन, वर जेमतेम वीतभर माती. जेसीबी ती उलटी करतो आणि मुरूम वर येतो. मग गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी. जूनमध्ये कधी माळावर उकिडवं बसून पाहावं. धान्यवेच्या मुंग्यांच्या बिळाभोवती तुसाचं आणि कुसळांचं कडं पडलेलं असतं, आत फक्त दाणे जातात. कुसळीचं बी मुंग्या चिमटीत उभं धरून ओढत आणतात आणि दारात अडकलं की मागे फिरून दुसऱ्या टोकाने ओढतात. पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचे किडे जमिनीतून वर येतात. त्यांची पिल्लं इतर किड्यांच्या अंगावर वाढतात आणि मोठेपणी ते किड्यांची अंडी खातात. धाविक पक्षी वाळवी आणि भुंगे टिपतो. माळढोक टोळांमागे फिरायचा. या साखळीत गिरिपुष्पाचा पाचोळा कुणाचंच अन्न नाही.

शेतकऱ्याच्या ओळखीचा एक धागाही इथे येऊन मिळतो. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात आणि अंडी घालायला परत मातीत उतरतात. पुढे अळी उसाची, भुईमुगाची मुळं फस्त करते. म्हणून कृषी खातं दरवर्षी या झाडांवरचे भुंगेरे झोडपून गोळा करायला सांगतं. माळावर आणि बांधावर कोणती झाडं वाढवली यावर खालच्या शेतात कोणता किडा फोफावेल हे काही प्रमाणात ठरतं. लागवडीच्या याद्या करताना हा विचार झालेला मला तरी दिसला नाही.

झाडं काढून टाकली तर जुनी वस्ती परत येते का? क्वाझुलू-नतालच्या किनाऱ्यावर, आज इसिमांगालिसो या नावाने जागतिक वारसा असलेल्या भागात, पाइनची हजारो हेक्टर लागवड हटवली गेली. निकोलस झालुमिस आणि विल्यम बाँड यांनी तिथलं परतलेलं गवत तपासलं. गवत आलं होतं. पण जमिनीखाली कंद आणि जाड खोडं धरून बसणाऱ्या फुलझाडांपैकी बहुतेक परतली नव्हती. ती बियांनी सहज पसरत नाहीत, एकदा नांगराखाली गेली की गेलीच. वरून पाहणाऱ्याला ते गवताळ रानच वाटतं. त्या कंदांवर, मुळांवर आणि फुलांवर जगणाऱ्या किड्यांना मात्र तिथे परतायला काही नाही. मुंग्यांचं थोडं वेगळं. त्यांच्या राण्या उडत येतात, ऊन पडलं आणि जमीन तापली की काही जाती पुन्हा बिळं करू शकतात. माती खाणाऱ्या गांडुळाला पंख नाहीत. ते शेजारच्या न नांगरलेल्या तुकड्यातून मुंगीच्याही पावलाने नव्हे, तर स्वतःच्या गतीने, मातीतूनच सरकत येणार, आणि तेही असा तुकडा शेजारी शिल्लक असेल तर.